कुठली लिहू, कुठली खोडू

लाल रिफिलचा एक थेंब रेघेच्या टोकाशी जमून राहिला होता—मोहरीएवढा, फुगीर, अजून ओला—आणि वच्छला त्याच्याकडं अशी बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या हातून सांडलाय. रेघेखाली 'आई' होतं. रेघेच्या डोक्यावर, एकतीस वर्षं फळ्यावर गिरवून गिरवून गुळगुळीत झालेल्या तिच्याच अक्षरात, 'मावशी'. हे केव्हा झालं? सकाळचे सात, चहाचा कप उजवीकडं, प्रूफाचे कागद डावीकडं, चष्मा नाकाच्या मध्यावर. पान नऊ, पान दहा, पान अकरा... कुठं अनुस्वार गळलेला, कुठं वेलांटी उलटी... आणि पान बारावर हात न थांबता तसाच पुढं सरकला आणि चौथीतल्या एका पोरीच्या दोन आयांमधली एक खोडून मोकळा झाला. डोक्याला विचारलंसुद्धा नाही.

कविता सृष्टीची होती, चौथी 'ब'.

एक आई चालते
धूळ घेऊन पायांत,
एक आई थापते
भाकर दोन्ही हातांत.

चालणारी येते तेव्हा
ओळखते मी वासावरून,
थापणारी हाक मारते,
ओळखते मी आवाजावरून.

बाई म्हणतात, एकच लिही.
कुठली लिहू, कुठली खोडू?
दोघींनी घातली वेणी माझी,
एक पेड कसा सोडू?

'एक मावशी थापते.' वच्छलानं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. अडखळत नव्हतं. चाल लागत होती. संमेलनात पोरीनं अशीच म्हटली असती तर टाळ्याही पडल्या असत्या, आणि पहिल्या रांगेतल्या कुणी शेजारच्याला म्हटलं असतं, किती गोड.

पुस्तिका तिचीच होती. 'आमच्या घरात कोण कोण'—चाळीस पानं, पाचशे प्रती, स्नेहसंमेलनात घरोघरी जायच्या. मे महिन्यात ती निवृत्त होणार, तेव्हा जाता जाता एक काम आपल्या मनासारखं. चौथीच्या दोन्ही तुकड्यांना तिनं सांगितलं होतं, आपापल्या घरातल्या माणसांवर कविता लिहा, पुस्तकातल्या घरावर लिहू नका. पुस्तकातलं घर तिला पाठ होतं—आई ओट्याशी, बाबा पेपर धरून, आजी माळ घेऊन, एक मुलगा, एक मुलगी, एक मांजर. वर्गातली घरंही पाठ होती. कारण हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर दरसाल ती पेन्सिलीनं एक यादी करायची, जी आजवर कुठल्या साहेबानं मागितली नव्हती. चौथी 'ब', पट अडतीस. पुस्तकातल्यासारखं घर : अकरा. आई-बाप ऊसतोडीला नाहीतर पुण्याला, घरी आजी-आजोबा : नऊ. नुसती आई : सहा. नुसता बाप : दोन. (दोन्ही बाप वेण्या फार घट्ट घालतात, पोरींचे डोळे दिवसभर ताणलेले.) मामाकडं : चार. खटलं एवढं मोठं की कोण कुणाचं हे विचारायची सोय नाही : तीन. वसतिगृह : दोन. सृष्टी : एक. बेरीज जमते. दरसाल जमते. फक्त ज्या घराचं चित्र छापतात ती घरं अडतिसात अकरा, आणि त्या अकरांतल्याही दोन-तीन घरांत पेपर वाचणारा बाबा आईशी बोलत नाही, हे वच्छलाला पालकसभेतल्या खुर्च्यांच्या अंतरावरून कळायचं.

आपलं स्वतःचं घर तिनं त्या यादीत कधी धरलं नव्हतं. यादी करणारीला कोण विचारणार.

सृष्टीचं असं होतं : आई-बाप मेंढरांमागं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून निघायचं आणि मृगाच्या सुमारास परतायचं. सहा वर्षांमागं होटगीच्या एका शेतात खतासाठी त्यांची मेंढरं बसवलेली, आणि पोर तापानं फणफणलेली. मेंढरं एका रानात किती दिवस बसणार? शेतमालकाची बहीण सारजाबाई त्या दिवशी तिथं आलेली. शाळेमागच्या गल्लीत राहणारी, हॉटेलांना कडक भाकरी थापून देणारी, मागंपुढं कुणी नसलेली बाई. ती म्हणाली, राहू दे पोर, येताना न्या. येताना ते आले, तर पोर दोघींच्या मधे उभी. तेव्हापासून दरसाल ते येतात, दरसाल ती थोडी नेली जाते आणि बरीचशी इथंच राहते. ना रक्ताचं, ना गावचं, ना भाऊबंदकीतलं.

आणि 'बाई म्हणतात' हेही खरं होतं. गणपतीनंतर सृष्टीनं वर्गात पहिली दोन कडवी वाचली, तेव्हा वच्छला म्हणाली होती, छान आहे हं, पण आई एकच असते की नाही? एकच लिही. किती मायेनं म्हणाली होती. पोरगी खाली बसली, आणि आठ दिवसांनी तिसरं कडवं लिहून आणून टेबलावर ठेवलं. वच्छलानं ते वाचलं आणि हसून पुस्तिकेत घेतलं. मनाचा केवढा मोठेपणा... आणि आज सकाळी, घरात कुणी बघत नसताना, हातानं आपलं मत दिलं.

"आक्का, च्या गार झाला. कागदाला पाजताय का?"

तानाबाई दारात. एका हातात कडबा, दुसऱ्या हातात शेळीचं दावं. विजापूर रोडच्या या रो-हाऊसांच्या रांगेत शेळी पाळणारं हे एकच घर. सोसायटीनं तीन पत्रं दिली, तानाबाईनं तिन्ही शेळीला दाखवली.

"ताने, पत्रिकेचं प्रूफ कुठंय?"

"टीवीच्या मागं. हिनं खाल्लं तर परत छापाय लागंल म्हनून."

पत्रिकेचं प्रूफही आजच द्यायचं होतं, त्याच प्रेसमध्ये. चि. अभिमन्यू, आणि खाली कंसात, कै. अजिनाथ व श्रीमती वच्छला यांचे चिरंजीव. समोर चि. सौ. कां. राजनंदिनी, बार्शीकडची, शिकलेली, चांगली मुलगी. तळाला 'आपले विनीत'मध्ये दोन काका, एक आत्या, आणि मग तिसऱ्या ओळीत, 'मावशी : तानाबाई'. मजकूर वच्छलानंच लिहून दिला होता. परवा प्रूफ घरी आलं तेव्हा तानाबाईनं हात पुसून कागद घेतला, अक्षराला अक्षर जुळवत खालपर्यंत उतरली आणि एका जागी बोट ठेवलं.

"हितं हाय व्हय मी."

एवढंच. मग ती कुकरकडं गेली. पण ते बोट... नख भाकरीच्या पिठानं पांढरं झालेलं... ते बोट वच्छलाच्या डोळ्यांसमोरून दोन दिवस हललं नव्हतं. त्यात राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं; वच्छलाकडं पंचवीस-सव्वीस वर्षांची उत्तरं तयार होती, धुऊन, घडी घालून.

फोन वाजला. अभिमन्यू, चाकणहून.

"आई, आज ओके करून टाक बरं का. आणि त्या मावशीच्या नावाचं... आहे तसंच राहू दे. परवा म्हणालीस ना काहीतरी, बदलू का म्हणून. नको. राजनंदिनीकडं तसंच सांगितलंय."

"कुणी सांगितलं?"

"म्हणजे काय? अगं, तूच सांगत आलीस की सगळ्यांना."

तानाबाई शेळीशी बोलत होती, आवाज फोनमध्ये जात असणार.

"ती आहे का तिथं?" अभिमन्यूनं विचारलं.

"कोण ती?"

पलीकडं कंपनीच्या बसचा घरघराट. मग तो म्हणाला, "बसमध्ये चढतोय, ठेवतो."

दोन वर्षांचा असताना तो तिला 'तानाई' म्हणायचा. कुणी शिकवलं नव्हतं. वच्छला ती आई, आणि ही तानाई, तोंडाला सोपं पडेल तसं त्याचं त्यानं रचलं. या घरातली पहिली कविता म्हणायची तर ती तेवढीच, एका शब्दाची. मग तो शाळेत जायच्या पहिल्या दिवशी, वच्छलाच्याच शाळेत, लुनावर पुढं उभा असताना तिनं त्याच्या कानात सांगितलं, शाळेत तिला मावशी म्हणायचं. संध्याकाळी येताना त्यानं विचारलं, आणि घरी? घरीपण, नाहीतर विसरायला होतं. पोरगं आज्ञाधारक. त्यानं तानाई म्हणणं सोडलं. पण घरी मावशीही कधी म्हटलं नाही. 'अगं', 'ऐक की', 'जेवायला वाढ'... सत्तावीस वर्षांचा झाला. लोकांशी बोलताना मावशी म्हणतो, पण तिला स्वतःला त्यानं हाक मारलेली नाही. हे वच्छलानं मोजलं होतं. ती सगळं मोजते. मोजून गप्प बसते.

शाळेत पोचली तर शिपाई दारातच. सर बोलावताहेत.

इंद्रजीत सर तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान, मुख्याध्यापक होऊन दोन वर्षं झालेले. शर्टाला इस्त्री इतकी कडक की खुर्चीत बसताना माणूस घडी मोडायला घाबरतो. टेबलावर त्याच प्रूफाची दुसरी प्रत. पान बारा वर.

"बाई, छोटीशी सूचना होती. सगळं छानच झालंय, तुमचं काम म्हटल्यावर प्रश्नच नाही. फक्त ही एक कविता... दोन आई म्हटलं की मेसेज काय जातो? पाहुणे येणार, पालक येणार. कुणाच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही आजकाल. 'मावशी' करा. प्रेमळ शब्द आहे, ओळही बिघडत नाही."

वच्छलाच्या पर्समध्ये, हाताच्या अंतरावर, हेच केलेलं पान होतं. काढून पुढं ठेवायचं, म्हणायचं, केलंच आहे सर, आणि उठायचं. दोन मिनिटांचं काम. पण सरांच्या तोंडून तो शब्द आला आणि तिला आपलाच आवाज दुसऱ्याच्या घशातून ऐकावा तसं झालं. प्रेमळ शब्द. अगदी याच सुरात ती अजिनाथला म्हणाली होती, मावशी म्हणू दे की त्याला, मावशी काय परकी असते का?

"मी अजून ते पान बघितलं नाही," ती म्हणाली. एकतीस वर्षांत मुख्याध्यापकांशी बोललेलं हे पहिलं धडधडीत खोटं, आणि किती सोपं निघालं.

"आणि ही 'बाई म्हणतात' ओळ. ती तर तुमच्यावरच आहे. तुमच्यासाठीच सांगतोय मी."

"माझ्यासाठी नका सांगू सर. म्हणाले होते मी तसं. पोरीनं खरं लिहिलंय."

"खरं म्हणजे... टेक्निकली आई एकच ना, बाई?"

"सर, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

तिला ठाऊक होतं. सगळ्या शाळेला ठाऊक होतं. सरांची बायको बारामतीला नोकरीला, मुलगी फलटणला आजोळी, आणि सर इथं भाड्याच्या दोन खोल्यांत, दुपारचा डबा सात रस्त्यावरच्या खानावळीतला.

"ते वेगळं," सर म्हणाले आणि पेपरवेट सरळ होता तो आणखी सरळ केला.

"वेगळंच असतं हो प्रत्येकाचं. पुस्तिका त्याचीच आहे."

"मग असं करू, ते पानच गाळू. जाहिरात टाकू एखादी."

"मग कव्हरवरचं माझं नावही गाळा."

हे कोण बोललं? वच्छलानं स्वतःच चमकून सरांकडं पाहिलं, जणू तेच बोलले असावेत. सर प्रूफ मिटून बाजूला सारत म्हणाले, "संध्याकाळपर्यंत विचार करा, बाई. तुमच्याबद्दल आदर आहे मला." त्या आदरात काय काय असतं, तेही तिला मोजता येत होतं, पण आज मोजायला मन तयार नव्हतं.

मधल्या सुट्टीत सृष्टी नळावर बाटली भरताना सापडली. दोन वेण्या, वर बांधलेल्या, एक किंचित सैल. वच्छला तिच्या शेजारी उभी राहिली. चौथीतल्या पोरीला काय विचारायचं असतं, हे तिला आजवर कधी शोधावं लागलं नव्हतं.

"सृष्टी, त्या कवितेत... दुसऱ्या आईला मावशी लिहिलं तर चालेल का गं?"

पोरीनं नळ बंद केला. विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून.

"पन बाई, मावशी हाय की मला. केम गावाला असती. तिला पोरं हायत दोन." मग बाईंना नीट कळावं म्हणून आणखी सोपं करून, "ही मावशी न्हाय. मावशी ती हाय."

"आणि लोक विचारतील, दोन आया कशा म्हणून?"

"विचारत्यात की."

"मग तू काय सांगतेस?"

"सांगते, लई हायत मला. तुमाला कमी हायत तर मी काय करू?"

बाटलीचं झाकण लावून ती गेली. धावत नाही, चालतच. वच्छला नळाशी उभी. पाणी थेंब थेंब गळत होतं आणि वर्गातून कुणीतरी पाढे म्हणत होतं. या पोरीची नातीगोती किती चोख, प्रत्येक शब्दावर एकेक माणूस बसलेलं, कुणाला उठवून कुणाला बसवायचं नाही. आणि माझ्या घरात... माझ्या घरात एका बाईला रिकाम्या शब्दावर बसवून ठेवलं मी, आणि ती बसली. अवघडून, पाय दुमडून, सव्वीस-सत्तावीस वर्षं.

दुपारी रिक्षानं नवी पेठेकडं निघाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, पण फेब्रुवारीतच रस्ता तव्यासारखा. मांडीवर दोन लिफाफे. एकात पाचशे घरं, एकात आपलं. रिक्षा पार्क चौकाच्या सिग्नलला थांबली आणि डावीकडच्या गल्लीत ते जुनं प्रसूतिगृह दिसलं... म्हणजे आता दिसत नाही, तिथं मोबाइलचं दुकान आहे. पण वच्छलाला तेच दिसतं.

लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नाही, म्हणून अजिनाथनं मंगळवेढ्याकडची तानाबाई आणली. मार्केट यार्डात पेंडीचं दुकान, घरात शिकलेली बायको, आणि तरी आणली. वच्छलानं दारात ओवाळलं. हात थरथरला नाही, हे नंतर सासूबाई सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या. पुढं तानाबाईला दिवस गेले तेव्हा हिशेब सरळ होता : दुसरं लग्न कागदावर टिकणारं नाही, पोराच्या दाखल्यावर प्रश्न नको. तानाबाईला वच्छलाच्या नावानं दाखल केलं. तीन दिवस. नर्स दारातून ओरडायची, "वच्छला," आणि खाटेवरून तानाबाई म्हणायची, "व्हय." आणि स्टुलावर बसलेल्या वच्छलाला कुणी विचारलं, तुम्ही कोण, की ती सांगायची, बहीण. नाव? तानाबाई. दुसऱ्या दिवशी तर नर्सनं व्हरांड्यातून हाक मारली, "तानाबाई, गरम पाणी आणा," आणि ती पटकन उठली. विचार न करता. कशी सहज उठले मी...

मग वच्छलानं संस्थेच्या मोडनिंबच्या शाळेतून सोलापूरच्या शाळेत बदली मागून घेतली. नवी शाळा, कडेवर पोर. कुणाला काय ठाऊक.

आजवर ती स्वतःला सांगत आली की हे सगळं पोरासाठी. लोकांसाठी. कागदासाठी. सिग्नलला लागलेल्या त्या रिक्षात, घामानं लिफाफ्याचा कोपरा ओला होत असताना तिला पहिल्यांदा आपल्याच बाजूचा पुरावा लंगडा वाटला. लोक? लोकांना सगळं आधीच माहीत असतं. गल्लीनं कधीच ओळखलं होतं, गल्ली फक्त सभ्यपणे मावशी म्हणत होती. कागद? कागद एकदाच करायचा होता, तो झाला होता. मग घरात, चार भिंतींत, एवढ्याशा पोराच्या तोंडातला तो शब्द कुणासाठी काढून घेतलास? कोण ऐकत होतं तिथं?

मी ऐकत होते.

मला एकटीला ते पाहिजे होतं. पोरानं आई म्हटल्यावर या घरात एकाच बाईनं वळून बघावं, असं मला पाहिजे होतं... आणि मी ते घेतलं. चोरलं म्हणा. चोरलंच.

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न. तिला वाटलं होतं हे मनात आलं की रडू फुटेल, पण तसं काही झालं नाही. उलट पाठ सरळ झाली. कारण त्याच झटक्यात दुसरंही उभं राहिलं : म्हणून काय आता मी उठून जाऊ? जागा खाली करून देऊ? गोवरात सात रात्री मांडीवर घेऊन बसले ते कोण होतं? शेळीनं ढुशी दिली तेव्हा, दहावीला गणितात नापास होता होता वाचला तेव्हा, बापाच्या तिरडीपुढं त्यानं मडकं धरलं तेव्हा? आम्ही दोघी होतो. डावीकडं एक, उजवीकडं एक. अजिनाथच्या तेराव्याला दोन्ही दीर समोर बसून म्हणाले, आता कोण कुठं राहणार ते ठरवा. तानाबाई भांडी घासता घासता म्हणाली होती, "कुटं म्हंजे? सकाळी दूध कोन तापवनार मग?" आणि बैठक मोडली. मी तेव्हा हसले होते. आठ वर्षं झाली, दूध अजून तीच तापवते आणि साय मला काढून ठेवते. कुणी ठरवलं हे घर? आम्ही ठरवलं. नवरा गेल्यावरही ज्या घरातून कुणी गेलं नाही, त्या घराला मी लाजत होते, आणि पोरांना सांगत होते, पुस्तकातल्या घरावर लिहू नका.

प्रेसमध्ये कोंडीबा कॉम्प्युटरवरच्या मुलीच्या मागं उभा होता, कानावर पेन्सिल.

"या बाई. दोन्ही ओके ना? सही मारा, चारला मशीनवर घेतो."

तिनं पहिला लिफाफा उघडला. पान बारा. थेंब वाळून काळपट झाला होता. तिनं 'मावशी'वर आडवी रेघ मारली, खाली 'आई' पुन्हा लिहिलं, आणि समासात, ठळक, 'मूळ मजकूर कायम. एकही शब्द बदलू नये.' खाली सही, तारीख.

कोंडीबानं वाकून पाहिलं. "सरांचा फोन होता मघाशी. म्हणाले हे पान बदलणार."

"बदललं होतं. परत बदललं."

"आता माझी पंचाईत, बाई. ऐकू कुणाचं?"

"कव्हरवर संपादन कुणाचं लिहिलंयस?"

"तुमचं."

"मग? सर रागावले तर सांग, बाई जुनी आहे, खोडता येत नाही. मे महिन्यात आपोआप जाईल."

कॉम्प्युटरवरची मुलगी हसली. कोंडीबानं डोकं खाजवलं आणि पान गठ्ठ्यात ठेवलं. संध्याकाळी सर काय करतील ते सर करतील. पान गाळतील, जाहिरात टाकतील, टाकोत. आपली सही त्या कागदावर आहे, आणि ती या बाजूला आहे.

दुसरा लिफाफा. तिनं 'मावशी : तानाबाई' खोडलं. मग पेन वर नेलं, कंसातल्या ओळीशी, 'श्रीमती वच्छला'च्या पुढं. तिथं बोटभर जागा होती. आजवर कधी दिसली नव्हती ती जागा; आणि होती.

"इथं आणखी एक नाव बसेल?"

"कुठं? आई-वडलांच्या ओळीत?" कोंडीबा जवळ आला. "बसेल तसं. फॉन्ट कमी करावा लागेल. पण बाई, तिथं वडील एक, आई एक, असाच साचा असतो आमच्याकडं. तिसरं नाव कधी आलं नाही."

"साचा कुणी केला?"

"मीच केला."

"मग."

पेन कागदाला टेकलं. 'ता' झाला असता. आणि हात थांबला. भीतीनं नाही. हे मनगटात होतं. सकाळी याच हातानं न विचारता खोडलं होतं. आता याच हातानं न विचारता लिहायचं? दवाखान्यात तिचं नाव मी ठरवलं, शाळेत मी ठरवलं, पत्रिकेत मी ठरवलं, आणि आता उपकारही मीच ठरवायचा का, आणि तिनं बोट ठेवून म्हणायचं, हितं हाय व्हय मी?

तिनं पेनाचं टोपण लावलं.

"सही राहिली," कोंडीबा म्हणाला.

"उद्या आणते. घरी एकीला विचारायचंय."

"मावशींना? त्या काय म्हणणार, त्यांना कुठं काय..."

"त्या मावशी नाहीत," वच्छला म्हणाली. मोठ्यानं नाही. पण कॉम्प्युटरवरच्या मुलीनं मान वर करून पाहिलं, आणि बाहेर रद्दीचा गठ्ठा बांधणारा माणूस सुतळी धरून क्षणभर थांबला. म्हणजे ऐकू गेलं असावं.

रस्त्यावर ऊन अजून होतं. रिक्षा केली नाही. लिफाफा छातीशी धरून ती नवी पेठेतल्या गर्दीतून चालत राहिली, कापडाच्या दुकानांवरून, शेंगाच्या चटणीच्या ढिगांवरून. तानाबाई काय म्हणेल? कदाचित म्हणेल, आता म्हातारपनी कशाला, आक्का. कदाचित हसेल. कदाचित—हे वच्छलाला पहिल्यांदाच सुचलं—चिडेल, सव्वीस वर्षांचं एकदम काढील, आणि ते ऐकून घ्यावं लागेल, उभं राहून, मधे न बोलता. अभिमन्यू तर फोनवर ओरडेलच. बार्शीकडची माणसं काय करतील? मोडतील लग्न? राजनंदिनी शिकलेली आहे... शिकलेली तर मीही होते. पर्समधे ते लाल पेन कुठल्या कप्प्यात गेलं तेही आठवत नव्हतं. गंमत म्हणजे हलकं वाटत नव्हतं. जड वाटत होतं, पण दोन्ही हातांत सारखं.

मागून कुणीतरी, बांगड्यांच्या गाड्यापाशी, जोरात हाक मारली, "ए तानाबाई, अगं थांब की."

दुसरीच कुणी असणार. या शहरात तानाबाई शंभर सापडतील. पण वच्छलाची मान वळली होती. डोक्याला विचारलंसुद्धा नव्हतं. गर्दीत एक अनोळखी बाई तिच्याकडं बघत होती, ही का बघतेय म्हणून. वच्छलानंही बघून घेतलं तिच्याकडं, नीट, नजर न काढता. वळली तर वळली.